मगदूम सरांच्या गाडीचा आवाज

"चालू करा सर," अण्णा म्हणाले.

मगदूम सरांनी किक मारली. अर्ध्या किकेतच गाडी चालू झाली. अण्णांनी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या डाव्या अंगाला टेकवलं, लाकडी मूठ कानाच्या भोकाशी दाबून धरली आणि डोळे मिटले.

"जरा रेस द्या. आता सोडा. परत द्या."

सर देत होते, सोडत होते. एकवीस वर्षांची शंभर सीसीची मोटारसायकल होती ती. मीटर एकदा सगळे नऊ दाखवून शून्यावर आला होता आणि तिथून पुढं पुन्हा बेचाळीस हजारांवर गेला होता. शेजारच्या हॉटेलात चहा प्यायला आलेली तीन-चार माणसं कप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. अण्णांनी एखाद्या गाडीला कान लावला की लोक थांबून बघायचे.

अण्णांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

"मला काय येत न्हाई, दिगू. तू कुठला आवाज म्हणतोस?"

ही सोळा वर्षांपूर्वीची, गडहिंग्लजमधली गोष्ट आहे. रुद्राप्पा घुगरी हे अण्णांचं नाव. कडगाव रोडला त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढं मातीचं अंगण. आयटीआय करून मी बाविसाव्या वर्षी त्यांच्याकडं कामाला लागलो आणि नऊ वर्षं राहिलो. दुपारचं जेवण त्यांच्याच घरी असायचं, काकू वाढायच्या. मग मी संकेश्वर रोडला स्वतःचं गॅरेज टाकलं. त्या दिवशी त्याला चार वर्षं झाली होती.

मगदूम सर आमच्या हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. मलाही त्यांनी शिकवलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडं आले, ते हातात ड्रॉइंगच्या कागदाची गुंडाळी घेऊन. कागदावर त्यांनी आपल्या गाडीचं इंजिन काढलं होतं, आतल्या भागांसकट. कुठल्याशा जुन्या पुस्तिकेत बघून काढलं होतं, पण सुरेख. चार-पाच ठिकाणी लाल पेन्सिलीनं गोल केले होते.

"दिगंबर, मला खरं सांग," ते म्हणाले. "गाडी छान चालते. कुठंही अडत नाही. पण छान चालते म्हणूनच मला भीती वाटायला लागलीय."

सर नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगी कारवारला दिलेली. ती म्हणत होती बसनं या, पण सरांना बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, मागं बसवून गाडीवरूनच जायचं होतं. आंबोली घाट उतरून, गोव्यातून पुढं. लग्नानंतर एकदा तसं जायचं ठरलं होतं आणि राहून गेलं होतं.

"पुस्तिकेत लिहिलंय, इतके किलोमीटर झाले की टायमिंग चेन बदला, क्लचच्या प्लेटा बदला. माझ्या गाडीत कशालाच हात लागलेला नाही. मधे जंगलात बंद पडली तर? बाई बरोबर असणार."

"अण्णा काय म्हणाले?" मी विचारलं. कारण सर आधी अण्णांकडंच गेले असणार. सगळेच आधी अण्णांकडं जायचे.

"ते म्हणाले, दोन्ही टायर बदला, ट्यूब बदला, ब्रेक शू, क्लचची केबल, एक्सिलेटरची केबल, सगळं नवीन टाका. जुनं बरं दिसत असलं तरी टाका. पण इंजिन उघडू नका. म्हणाले, बाहेरचं असतं ते तुटायच्या आधी बदलावं, आतलं बोलल्याशिवाय उघडू नये. इतकी वर्षं एकमेकांत बसलेलं सामान असतं, ते एकदा हललं की पुन्हा तसं बसत नाही. आणि आता बाजारात मिळतं ते सामान पहिल्यासारखं नसतं."

"मग प्रश्न काय राहिला?"

"प्रश्न असा," सर जरा ओशाळून म्हणाले, "की ते बोलत नाही, हे कशावरून?"

मी गाडीवर बसलो. साधना कॉलेजपर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी बंद केली.

"आवाज आहे, सर," मी म्हणालो. "टायमिंग चेन."

सरांनी कागदावरच्या एका लाल गोलावर बोट ठेवलं. "ही?"

"हीच."

"अण्णांना आला नाही तो?"

"ते मी कसं सांगू? त्यांनाच विचारा."

सर सरळ माणूस. ते म्हणाले, "मग उद्या सकाळी तूच चल माझ्याबरोबर. दोघं मिळून ऐका."

अशी आमची वरात अण्णांच्या अंगणात आली होती.

"डाव्या अंगाला, अण्णा," मी म्हणालो. "बारीक आहे. रेस सोडताना येतोय. साखळी कडेला घासल्यासारखा."

अण्णांनी पुन्हा मूठ कानाला लावली. या खेपेला खूप वेळ. मग स्क्रू ड्रायव्हर उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि दुसरा कान लावला. तसं करताना मी त्यांना नऊ वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. पण ते 'न्हाई' आधीसारखं नव्हतं.

"सर, तुम्ही या बरं," मी म्हणालो. "इथं वाका. मी रेस देतो. आता सोडतोय. हा बघा, आला. पुन्हा सोडतो. हा."

सर डोळे बारीक करून ऐकत होते. "हो," ते म्हणाले. "काहीतरी आहे खरं. किर्रर असं."

"आहे, आहे," दारातला कप हातात धरलेला एक माणूस म्हणाला. "हितनं येतंय की ऐकू."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मग सरांकडं. मग माझ्याकडं.

मी गाडी बंद केली. अंगण एकदम शांत झालं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी गाडी माझ्याकडंच आली असती. पण मी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा, वाईट वाटून घेऊ नका," मी म्हणालो. "वयोमानानं असं होतंच. बारीक आवाज आधी जातात. माणसाला कळतसुद्धा नाही कधी गेले ते. आमच्या वडलांचं असंच झालं होतं."

अण्णांना त्या वेळी अठ्ठावन्नावं लागलं होतं.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक चिंधीनं पुसलं. उगाचच पुसलं, ते स्वच्छच होतं.

"मग उघडायला पायजे," ते म्हणाले. "सर, दिगूकडं द्या गाडी. ज्याला आवाज येतोय त्यानंच उघडावी."

सर म्हणाले, "अण्णा, तुमच्या हाताखालीच तयार झालाय तो."

"व्हय," अण्णा म्हणाले आणि शेडमध्ये गेले.

दुपारी मी इंजिन उघडलं. मॅग्नेटचं कव्हर काढलं, हेड उतरवलं, चेन बाहेर काढली आणि रॉकेलमध्ये धुतली. टायमिंग चेन झिजली की लांबते. ती बघायची साधी रीत आहे. भिंतीत एकाच उंचीवर दोन खिळे ठोकायचे, एकाला जुनी चेन अडकवायची, दुसऱ्याला नवी, आणि खालची टोकं बघायची. झिजलेली असेल तर जुनी खाली लोंबते.

मी दोन्ही अडकवल्या आणि मागं सरून बघितलं. दोन्ही टोकं एका रेषेत होती. एकवीस वर्षं आणि एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर चाललेली ती चेन सुताएवढीसुद्धा वाढली नव्हती. तिचा ताण सांभाळणारी रबराची पट्टीही शाबूत होती. क्लचच्या प्लेटा अजून दोन वर्षं चालल्या असत्या.

मला काही धक्का बसला नाही. मला ते माहीत होतं. आदल्या दिवशी कॉलेजपर्यंत जाऊन येताना मी नीट कान देऊन ऐकलं होतं आणि गाडीत काहीही नव्हतं. अण्णांच्या अंगणातही नव्हतं. सरांनी ऐकला तो आवाज मी तोंडानं सांगितलेला आवाज होता. दारातल्या माणसाला तर कुठलाही आवाज आला असता.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. अण्णांनी माझं कधी वाईट केलं नाही. माझ्या गॅरेजच्या पूजेला नारळ त्यांनीच फोडला होता. पण त्यांच्याकडं कामाला असताना एकदा एका गिऱ्हाइकानं त्यांना विचारलं होतं, "हा पोरगा कसा आहे?" अण्णा म्हणाले होते, "हात सोन्याचं हाईत. कान न्हाई." मी शेडच्या मागं पार्ट धूत होतो. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं नव्हतं आणि दुष्टपणानंही नव्हतं. हवा कशी आहे सांगावं तसं सांगितलं होतं.

ते खरं होतं, हीच त्यातली गोम. पुढं माझं गॅरेज चालायला लागलं, तरी माझ्याकडं दुरुस्त झालेली गाडी घेऊन लोक आधी कडगाव रोडला जायचे. "अण्णा, एकदा ऐका जरा." अण्णा ऐकायचे. बहुतेक वेळा म्हणायचे, "झकास केलीय दिगूनं." कधी म्हणायचे, "टॅपेट जरा ढिलं हाय, त्याला सांगा." गिऱ्हाईक माझ्याकडं परत येऊन सांगायचं. मी उघडून बघायचो आणि टॅपेट ढिलंच असायचं. चार वर्षं हे असं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या गॅरेजला आले. सायकलवरून. चार वर्षांत पूजेनंतर पहिल्यांदाच.

"चेन दाखव," ते म्हणाले.

ते येणार हे मी ओळखून होतो. भंगारातून तशाच गाडीची दुसरी एक जुनी चेन काढून मी ती रात्रीच धुऊन ठेवली होती. भिंतीवरच्या खिळ्याला ती नव्या चेनशेजारी लोंबत होती. अर्ध्या पेराएवढी खाली आली होती.

अण्णांनी लांबून बघितलं. मग ती खिळ्यावरून काढली, तळहातावर घेतली आणि एकेक कडी बोटांच्या चिमटीतून सरकवत नेली. जपमाळ ओढावी तशी. सगळी चेन त्यांच्या हातातून गेली. मी पाने पुसत उभा होतो.

"सरांच्या गाडीतली ही?"

"मग कुणाची?"

त्यांनी पुन्हा एकदा चेन बोटांतून नेली. मग ती खिळ्याला जशी होती तशी अडकवली.

"मला आला न्हाई आवाज," ते म्हणाले. "एवढी वाढलीया आन मला आला न्हाई."

"चहा मागवू, अण्णा?"

"नको. जातो."

मगदूम सर आणि बाई कारवारला जाऊन आले. गाडी कुठंही अडली नाही. ती तशीही अडली नसती. पण सर गावभर सांगत सुटले, "दिगंबरनं वेळेवर पकडलं म्हणून. नाहीतर आंबोलीच्या घाटात काय झालं असतं, विचार करवत नाही." सर ज्याला सांगायचे त्याला वाटायचं आपल्या जुन्या गाडीतही काहीतरी असेल. माझ्या दारात गाड्यांची रांग लागायला लागली. सरांच्या गाडीला हेडच्या सांध्यातून थोडं ऑइल यायला लागलं होतं. मी दोनदा पॅकिंग बदललं, तरी यायचं ते यायचंच. सर म्हणायचे, "असू दे. जुन्या गाडीला तेवढं चालायचंच." त्या अंगणातल्या दिवसाच्या आधी त्या गाडीखाली ऑइलचा एक थेंब कधी पडला नव्हता.

दोन महिन्यांनी कळलं की अण्णा कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, तुमच्या वयाच्या माणसाचं असतं तेवढंच थोडं कमी झालंय, काही करायची गरज नाही. पण अण्णा म्हणाले, माझं काम कानाचं आहे, यंत्र द्या. हट्ट धरून त्यांनी कानाचं यंत्र घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते लावून गॅरेज उघडलं.

त्या यंत्रातून त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं. ज्यांनी कधी यंत्र लावलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही. भांडं खाली ठेवलं तरी पत्रा फाटल्यासारखं वाटतं. इंजिनाला कान लावल्यावर काय होत असेल, विचारायला नको. प्रत्येक गाडीत त्यांना चेन घासत होती, पिस्टन आदळत होता, बेअरिंग वाजत होतं. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांना 'चालत्या इंजिनाला हात लावू नका' म्हणून परत पाठवलं, तो माणूस दिसेल ती गाडी उघडायला लागला. आत काही सापडायचं नाही. मग त्यांना वाटायचं, आपल्याला दिसतही नाही. शेवटी सगळं सामान नवीन टाकून ते इंजिन बंद करायचे आणि ती पहिल्यापेक्षा वाईट चालायची.

लोक दोन-तीनदा गप्प बसले. मग म्हणायला लागले, अण्णांचं आता राहिलं नाही. आणि माझ्याकडं यायला लागले.

एक दिवस सकाळी काकू आल्या. अण्णांच्या पत्नी, पार्वतीकाकू. नऊ वर्षं त्यांच्या हातची भाकरी मी खाल्ली होती. बाजाराची पिशवी हातात होती. त्या बाकावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"दिगू, घरातला मिक्सर उघडून ठेवलाय ह्यांनी," त्या म्हणाल्या. "आत काहीतरी वाजतंय म्हणत्यात. पाण्याचा पंप उघडलाय. चार दिवस आम्ही शेजारनं पाणी आणतोय. काल माझं शिलाई मशीन घेऊन बसले. मी म्हटलं, त्याला नका हात लावू, माझ्या आईनं दिलेलं आहे. तर म्हणाले, तुला ऐकू येत न्हाई, मला येतंय."

मी चिंधी उचलून हात पुसायला लागलो.

"रात रात जागे असत्यात. यंत्र काढा म्हटलं तर काढत न्हाईत. म्हणत्यात, एकदा चुकलो, परत न्हाई चुकायचा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू एकदा घरी ये, बाळा. त्यांच्यासमोर पंप चालू करून सांग, ह्यात काय आवाज न्हाई म्हणून. माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील. तुला येतो तो आवाज खरा, असं म्हणत्यात ते."

"येतो, काकू," मी म्हणालो. "या रविवारी येतो."

मी गेलो नाही. त्या रविवारी नाही आणि पुढच्याही नाही. काकू पुन्हा एकदा आल्या, तेव्हा मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

वर्षभरात अण्णांनी गॅरेज बंद केलं. शेड एका सिमेंटवाल्यानं घेतली. आणि त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी अण्णा सायकल घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"बसू का हितं जरा?" त्यांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं, अण्णा? तुमचंच गॅरेज आहे."

तेव्हापासून ते रोज यायला लागले. दहाला यायचे, एकला घरी जायचे. कानाचं यंत्र त्यांनी काढून टाकलं होतं. बाकाच्या कडेला बसायचे, मी काम करताना माझ्या हातांकडं बघायचे. कामात कधी बोलायचे नाहीत. एखादं जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "अण्णा, ऐका की जरा," तर माझ्याकडं बोट करायचे. "त्यो ऐकंल." मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचो, डोळे मिटायचो आणि काहीतरी सांगायचो. अण्णा मान हलवायचे.

मी त्यांना दोनदा चहा द्यायचो, सणाला धोतर-टोपी दिली. गावात नाव झालं. लोक म्हणायचे, गुरूला असं सांभाळणारा माणूस आजकाल बघायला मिळत नाही. मगदूम सरांनी तर शाळेच्या एका कार्यक्रमात ते भाषणात सांगितलं. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो.

असं वर्ष गेलं असेल. एक दिवस साडेअकराच्या सुमाराला दोन गिऱ्हाईकं बाहेर उभी होती, मी एका गाडीची क्लच असेंब्ली मांडून बसलो होतो. अण्णांनी बाकावरून हाक मारली.

"दिगू, एक विचारू?"

"विचारा की."

"मगदूम सरांच्या गाडीत त्या दिवशी आवाज होता न्हवं?"

मी वर बघितलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला पकडायला त्यांनी विचारलं नव्हतं. थकलेल्या माणसानं अजून किती लांब आहे म्हणून विचारावं, तसं विचारलं होतं. पुढं कललेले होते, माझं बोलणं चुकू नये म्हणून माझ्या ओठांकडं बघत होते. उत्तर काहीही आलं असतं तरी ते ऐकायला तयार होते, हे मला स्पष्ट दिसलं. त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर गॅरेज परत आलं नसतं, पण रात्रीची झोप आली असती. पंप, मिक्सर, लोकांच्या गाड्या, हे सगळं आपल्या कानामुळं झालं नाही, एवढं त्यांना कळलं असतं.

बाहेरची दोन्ही गिऱ्हाईकं आमच्याकडं बघत होती.

"होता, अण्णा," मी म्हणालो.

"खरं सांगतोस?"

"खरं. चेन तुम्ही स्वतः हातात घेऊन बघितलीत की."

अण्णा मागं टेकले. मग उठले आणि माझ्याजवळ येऊन खाली उकिडवे बसले. त्यांना आता तसं बसायला त्रास व्हायचा, तरी बसले.

"मग माझंच चुकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "ती चेन हाताला लागली तवा मला वाटलं, ही सरांच्या गाडीची न्हवं. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची हाय. सरांच्या गाडीचं ऑइल मी कधी काळं हू दिलं न्हाई, आन ती चेन काळ्या ऑइलात मेलेली वाटली. त्या दिवसापासनं मनात धरून बसलो. तुझ्या काकूलाबी बोललो न्हाई. हितं येऊन बसतोय, तुझा चहा पितोय, तू दिलेलं धोतर नेसतोय, आन मनातनं रोज तुला खोटारडा म्हणतोय. म्हणूनच येत हुतो मी. कधीतरी तुझ्या तोंडनं निघंल म्हणून."

त्यांनी माझे ऑइलनं बरबटलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"पोटात घाल, दिगू."

बाहेरच्या गिऱ्हाइकांपैकी एक जण आत डोकावून बघत होता.

"असू दे, अण्णा," मी म्हणालो. "माणसाच्या मनात येतंच कधीतरी." आणि मी त्यांना माफ केलं.